ट्रेलरचा वायरलेस रिव्हर्स कॅमेरा: डॉकला गाडी लावायला शिकणाऱ्या पोरासोबत आठ महिने

गेल्या मे महिन्यात हा कॅमेरा घेतला, साडेनऊ हजारांना. केबिनमध्ये सात इंची स्क्रीन, मागं चुंबकावर बसणारा बॅटरीचा कॅमेरा, मध्ये वायर नाही. एक सबंध पावसाळा आणि अर्धा ऊस हंगाम आता त्याच्यावरून गेलाय, म्हणून लिहितोय. ज्यांच्याकडं नवा ड्रायव्हर तयार होतोय त्यांनी घ्यायच्या आधी वाचावं.

आमच्या कंटेनरच्या तीन गाड्या. दोन चाळीस फुटी, एक वीस फुटी. बेळगावच्या उद्यमबागेतलं कास्टिंग न्हावाशेवाला जातं, परतीला मिळेल तो माल कागल नाहीतर शिरोलीच्या गोदामांना. कॅमेरा घेतला तो भाच्यासाठी. पोरगा चिकोडीकडचा, कारखान्याला ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर वाढलेला. लायसन्स आहे, तवंदी घाट भरल्या गाडीनं नीट उतरतो. पण डॉकसमोर, म्हणजे गोदामाच्या माल चढवा-उतरवायच्या ओट्यासमोर, गाडी उलटी लावायची म्हटलं की कपाळावर घाम.

त्याची अडचण मला आधी कळलीच नाही. ट्रॅक्टरची दोन चाकी ट्रॉली आखूड असते, मागं घेताना स्टेअरिंगला जरा हात लावला की लगेच वळते. चाळीस फुटी ट्रेलर तसा नाही. हात फिरवला तरी पहिले काही फूट काहीच होत नाही असं वाटतं. मग पोरगा आणखी फिरवतो, आणि ट्रेलर एकदा वळायला लागला की आवरत नाही. घोडा (ट्रेलर ओढणारा पुढचा केबिनचा भाग) आणि ट्रेलर कात्रीसारखे मिटत येतात, केबिनची पाठ कंटेनरच्या कोपऱ्याला लागायच्या बेतात येते. मला वाटलं, मागचं दिसलं की हे सुटेल.

सुटलं नाही. कॅमेरा शेवटच्या सहा फुटांत फार उपयोगी आहे, पण ट्रेलर कुठल्या कोनात आहे ते आरशातच दिसतं. पहिल्या महिन्यात भाच्याची नजर स्क्रीनवरून हलेना. स्क्रीनमध्ये डॉक बरोबर समोर दिसायचं आणि तेवढ्यात घोड्याचं तोंड शेजारच्या उभ्या गाडीकडं चाललेलं असायचं. जुलैपासून मी स्क्रीनवर फडकं टाकलं. ट्रेलर डॉकच्या रेषेत सरळ आला की मगच फडकं काढायचं. त्या दिवसापासून पोराचा हात सुधारायला लागला.

शिकवताना काय कामाला आलं तेही सांगतो. हात स्टेअरिंगच्या तळाशी धरायचा. शेपूट ज्या बाजूला न्यायचं त्याच बाजूला तो हात न्यायचा. वरून धरून 'उलटं फिरव, उलटं फिरव' म्हटलं की नवा माणूस गोंधळतो, तळाशी धरलं की गोंधळच राहत नाही. दुसरं, ज्या आरशात ट्रेलर जास्त दिसायला लागला, त्या आरशाकडं स्टेअरिंग वळवलं की ट्रेलर सरळ होतो. तिसरं म्हणजे मागं घेण्यापेक्षा पुढं घेणं मोलाचं. डॉक ड्रायव्हर बाजूला, म्हणजे उजवीकडं ठेवून पुढं निघायचं, तोंड डावीकडं काढायचं आणि शेपूट डॉककडं थोडं रोखून उभं राहायचं. ही पहिली उभी राहण्याची जागा चुकली तर पुढं कितीही कसरत करा, गाडी तिरकीच लागते. क्लिनर बाजूनं, म्हणजे डावीकडून लावायची वेळ आली तर मी अजूनही त्याला एकट्याला लावू देत नाही, ट्रेलर वळला की त्या बाजूचं जवळजवळ काहीच दिसत नाही.

आता कॅमेऱ्याचे दोष. सूचना होती की कंटेनरच्या दारावर वर चिकटवा. दारावर बसवून डॉकला गाडी लागेल कशी? डॉकच्या दहा फूट अलीकडं थांबून दारं उघडायची, पूर्ण फिरवून बाजूला अडकवायची, आणि मग मागं घ्यायचं. म्हणजे ऐन वेळी कॅमेरा मागं नाही, कंटेनरच्याच बाजूच्या पत्र्याकडं बघतो. शेवटी मागच्या बंपरच्या लोखंडाच्या आतल्या अंगाला बसवला. थोडा आत हवाच, नाहीतर डॉकच्या रबराला घासून चुरा होईल.

स्क्रीनवरच्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेषा कारच्या हिशेबानं आखलेल्या असतात, त्यांच्यावर अजिबात विसंबू नका. मी ट्रेलरमागं दोरीनं तीन, सहा आणि दहा फूट मोजून दगड ठेवले आणि स्क्रीनवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या. ते काम अर्ध्या तासाचं, पण सगळ्यात जास्त फायदा त्याचाच झाला.

पावसाळ्यात खानापूर रस्त्यावरची तांबडी राड काचेवर बसते आणि दोन तासांत काही दिसत नाही. दर थांब्याला पुसावं लागतं. बॅटरी सुरुवातीला सात-आठ तास चालायची, आता पाच. चार्जिंगच्या भोकावरचं रबर तुटलंय, त्यावर प्लास्टिक बांधून चालवतोय.

सगळ्यात गंभीर दोष चित्र थिजण्याचा. वीस फुटीवर कधी झालं नाही. चाळीस फुटीत घोडा आणि कॅमेरा यांच्यामध्ये एवढं लोखंड येतं की अधूनमधून चित्र जागीच थांबतं, आणि ते थांबलंय हे कळत नाही. सप्टेंबरमध्ये कागलला एका गोदामात भाच्याला स्क्रीनवर चार फूट अंतर दिसत होतं आणि गाडी रबरावर आदळली. मध्ये कोणी नव्हतं. असतं तर काय झालं असतं हे आठवून मला त्या रात्री झोप आली नाही. त्या दिवसापासून नियम केला: गाडी हलतेय आणि स्क्रीनमधली जमीन हलत नाही, की ब्रेक. खाली उतरून डोळ्यानं बघायचं. दहादा उतरलास तरी चालेल, कोणी काही बोललं तर मामाचं नाव सांग, असं त्याला बजावलंय.

आणि डॉक आणि गाडी यांच्यामध्ये माणूस उभा असेल तर गाडी हलवायची नाही. इशारा करणारा ड्रायव्हर बाजूच्या आरशात दिसलाच पाहिजे, आरशातून गेला की थांब. आमच्याकडं त्यात भाषेचा घोळही आहे. बेळगावात वॉचमन कानडीत 'बर्ली बर्ली' म्हणतो, कागलला 'येऊ दे', बंदरावर 'आने दो', आणि उजवं-डावं प्रत्येक जण आपापल्या तोंडाप्रमाणं सांगतो. म्हणून आम्ही फक्त 'ड्रायव्हर बाजू' आणि 'क्लिनर बाजू' एवढंच बोलतो. थांब म्हणायला हात वर, तोंडानं नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झालीय. ड्रायव्हरच्या जिवाला ते बरंच आहे, पण मागं घेताना बाहेरचा आवाज ऐकू यावा म्हणून काच खाली हवी आणि फॅन बंद.

वीस फुटी गाडीला मी हाच कॅमेरा कायम ठेवतोय. चाळीस फुटी दोन्हींना वायरचा बसवणार, आमच्या घोड्यामागचे ट्रेलर बदलत नाहीत म्हणून ते जमतं. घोडा तुमचा आणि ट्रेलर रोज दुसऱ्याचा असं काम असेल तर वायरलेसच घ्यावा लागेल. मग दुकानदाराला चाळीस फुटी गाडीवर लावून दाखवायला सांगा, आणि दहा मिनिटं मागंपुढं करून चित्र थांबत नाही हे बघूनच पैसे द्या.