महूचं मेडल लावून देणारं दुकान: काम एक नंबर, पार्किंग विसरा

काकांची मेडल्स एका पट्टीवर नीट बसवून घ्यायची होती. आधी इंदूरमधेच एका फ्रेमवाल्याकडे टाकली होती, त्या महाभागाने रिबिनी सरळ ग्लूने चिकटवल्या, एकीवर डागही पाडला आणि वर म्हणतो 'भिया, फ्रेम में कहाँ दिखेगा'. मग कोणीतरी इंदूरजवळच्या महूचं हे दुकान सांगितलं, मेन स्ट्रीटवरून आत गल्लीत, बोर्ड एवढुसा की आम्ही दोनदा पुढे निघून गेलो.

दुकान म्हणजे एक काउंटर, शिलाई मशीन आणि भिंतभर रिबिनींची रिळं. इन्फंट्री स्कूल, वॉर कॉलेज गावातच, त्यामुळे गिऱ्हाईक बहुतेक फौजीच. मालकांनी सगळी मेडल्स फडक्यावर मांडली आणि त्यातलं एकच उचलून बघत बसले. ब्राँझचं, मधे अभयमुद्रेतला हात, वर 'मा भैषीः', म्हणजे भिऊ नकोस. जीवन रक्षा पदक. 'साब, ये फौजियों के पास कम ही दिखता है.' कमी असणारच, फौजी, पोलीस, फायर ब्रिगेडवाल्यांना हे ड्यूटीतल्या कामासाठी देतच नाहीत, ड्यूटीबाहेर कोणाचा जीव वाचवला तरच. आमच्या घरी येणारा प्रत्येक जण विचारतो कोणत्या लढाईचं, काका म्हणतात 'सुट्टीचं' आणि विषय पोह्यांवर नेतात.

या मालकांनी फक्त विचारलं, 'पानी या आग?' आणि काका सुरूच झाले (मला 38 वर्षांत जे कधी सांगितलं नाही ते!). ओंकारेश्वरचा घाट, कोण कुठला पोरगा, बूट काढायलाही वेळ नाही, 'समोरून गेलो असतो तर गळ्यात पडला असता, दोघंही गेलो असतो, म्हणून मागून जाऊन केस धरले, पोराने नंतर शिव्या घातल्या डोकं दुखतंय म्हणून'. मालक ऐकत होते पण हात चालूच, टाके उसवून वाळलेला ग्लू नखाने खरवडत होते.

काम सुरेख झालंय, सगळी मेडल्स एका रेषेत, लाल रिबिनीच्या निळ्या कडा अगदी सरळ, शर्टावर लावलं तरी झोल पडत नाही. पैसे वाजवी. डागाळलेली जुनी रिबीन फेकली नाही, पुडीत बांधून दिली, ती काकांनी लगेच खिशात टाकली.

एक स्टार कापलाय कारण दोन दिवस सांगून पाच लावले आणि फोन उचलत नाहीत. दुपारी जेवायला बंद असतं, सकाळीच जा.