मूर्तिजापुरात जुन्या कॅमेरा लेन्स ओळखून भाव सांगणारं दुकान : माझा रिव्ह्यू

आपल्या वऱ्हाडात गावोगावचे फोटो स्टुडिओ बंद पडले आणि त्यातल्या जुन्या लेन्स किलोच्या भावानं भंगारात चालल्या, नाहीतर मोटरसायकलवर फिरणारे लोक हजार-पंधराशे हातावर ठेवून आख्खा डबा उचलून नेऊन राहिले. ज्यांच्या घरी असा डबा पडलाय त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू लिहितोय. मूर्तिजापूरला मार्केटात एक कॅमेरा-घड्याळ रिपेअरचं छोटंसं दुकान आहे, तिथले काका लेन्स हातात घेऊन ती नेमकी कोणती, कोणत्या काळातली, आत काय बिघाड आहे आणि आज विकली तर किती येतील हे कागदावर लिहून देतात. एका लेन्सचे शंभर रुपये. नाव-नंबर इथं टाकू नको असं त्यांनीच सांगितलं म्हणून टाकत नाही, पण मार्केटात कोणालाही कॅमेरेवाले काका विचारा, दाखवून देतील.

सगळ्यात मोठी गोष्ट आधीच सांगतो. काका लेन्स विकत घेत नाहीत. कितीही म्हणा, घेत नाहीत. "मी घेतो म्हटलं का मंग माह्या तोंडून कमीच भाव निघन," हे त्यांचं म्हणणं, आणि माझ्या मते या दुकानावर भरवसा ठेवायला हे एकच कारण पुरेसं आहे. नागपूर-पुण्यात भाव सांगणारे भेटतात, पण तेच घेणारेही असतात, तिथं आपल्याला खरं कोण सांगणार.

आमच्या बाबांचा दर्यापूरकडं गावात स्टुडिओ होता, लग्नं, शाळेचे ग्रुप फोटो, निराधार योजनेच्या फॉर्मचे पासपोर्ट फोटो, सगळं. मोबाईल आले तसं काम गेलं आणि सामान लोखंडी कपाटात गेलं. त्यातून मी नेलं ते असं : झेनिट कॅमेऱ्यासोबत आलेली रशियन हेलिओस, पेंटॅक्सची एक सुपर-टाकुमार ५० मिमी एफ/१.४, निकॉनची १०५ मिमी, एक लांबलचक विविटार झूम, आणि लाकडी स्टँड कॅमेऱ्याची पितळी लेन्स. बाबांच्या मते सगळ्यात किमती पितळी, त्याखालोखाल झूम, कारण मोठी आणि वजनदार.

काकांनी पितळीपासूनच सुरुवात केली. तिच्यावर कंपनीचं नाव नाही, नंबर नाही. मला वाटलं आता हे काय सांगणार. त्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, टॉर्च लावला आणि लेन्स थोडी तिरपी धरून मला आत पाहायला लावलं. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून टॉर्चचं एक प्रतिबिंब येतं, जिथं काच आणि हवा भेटते तिथलं ठळक, जिथं दोन काचा एकमेकींना चिकटवलेल्या असतात तिथलं एकदम फिकट. पुढच्या भागात दोन ठळक एक फिकट, मागच्या भागातही दोन ठळक एक फिकट. म्हणजे दोन जोड्या, दोन्ही चिकटवलेल्या, म्हणजे रॅपिड रेक्टिलिनियर, हा प्रकार १८६६ मध्ये आला आणि पुढं कितीतरी वर्षं जगभर ढिगानं बनला. लोक ज्याच्यासाठी पैसे मोजतात ती पेट्झवाल, १८४० ची रचना, तिच्यात मागच्या दोन काचांमध्ये हवा असते म्हणून मागं ठळक प्रतिबिंबं चार दिसतात. आमचीत दोनच. नाव नसलेली लेन्स नुसत्या टॉर्चनं ओळखता येते हे मी पहिल्यांदा पाहिलं, आणि तेवढ्यासाठीच शंभर रुपये वसूल झाले असं मला वाटतं. भाव मात्र साधाच, शोपीस म्हणून घेणारा देईल तेवढा. बाबांना वाईट वाटलं, पण काकांनी गोड बोलून आकडा फुगवला नाही ते बरं केलं.

झूमचंही तसंच. विविटार स्वतः लेन्स बनवायची नाही, जपानातल्या वेगवेगळ्या कारखान्यांकडून बनवून घ्यायची, आणि कोणाकडून ते सिरीयल नंबरच्या पहिल्या दोन आकड्यांत कळतं : २२ म्हणजे किरॉनवाले किनो, २८ म्हणजे कोमिने, ३७ म्हणजे टोकिना. त्यापुढचा आकडा सालाचा शेवटचा आकडा. आमची ३७ वाली, साधी, आणि आत धुकं धरलेलं. सिरीज १, म्हणजे विविटारची वरच्या दर्जाची मालिका, लिहिलेली असती तर गोष्ट वेगळी होती. मोठी लेन्स म्हणजे महाग लेन्स हा गैरसमज गावाकडं फार आहे आणि फिरून घेणारे त्याचाच फायदा उठवतात, मोठीला थोडा जास्त भाव देतात आणि बारकी फुकटात खिशात टाकतात.

आता टाकुमार. त्या वेळी परतवाड्याचे एक दादा पण तिथं बसले होते, त्यांच्याकडंही सुपर-टाकुमार ५० मिमी एफ/१.४ च होती. बाहेरून दोन्ही जुळ्या. काकांनी दोन्ही शेजारी शेजारी पांढऱ्या कागदावर ठेवल्या, झाकणं काढली आणि म्हणाले पाहा. दादांच्या लेन्समधून कागद पिवळा दिसत होता, चहाचं पाणी सांडल्यासारखा. आमचीतून पांढरा. मग त्यांनी लेन्सवरची आकड्यांची पट्टी दाखवली, फोकसच्या खुणेच्या बाजूला ४, ८, १६ असे आकडे असतात आणि तिथंच इन्फ्रारेडची एक लाल खूण असते. दादांच्या लेन्सवर ती खूण ४ च्या डावीकडं होती, आमच्यावर उजवीकडं. एवढाच फरक. पण उजवीकडची म्हणजे १९६४ च्या सुमाराची पहिली आवृत्ती, आठ काचांची. नंतर पेंटॅक्सनं सात काचांची केली आणि तिच्यात थोरियम असलेली काच वापरली, ती काच प्रकाश जास्त वाकवते पण थोरियम किरणोत्सर्गी असल्यामुळं वर्षानुवर्षांत काच पिवळी पडत जाते. आठवालीला घेणारे शोधत असतात, सातवालीपेक्षा भाव बराच वर जातो.

दादा थोरियमचं नाव ऐकून घाबरले. काकांनी त्यांना नीट समजावलं, वापरण्यात भीती नाही, फक्त काच घासायची-फोडायची नाही आणि मागची काच डोळ्याला लावून तासन्‌तास बसायचं नाही. पिवळेपणा पण जातो म्हणे, अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली नाहीतर खिडकीतल्या उन्हात काही दिवस ठेवली की बराच उतरतो. पण आपल्याकडं हे दिवाळीनंतरच्या उन्हात करायचं, मे महिन्यात नाही. मेमध्ये अकोल्याकडं पारा ४५ च्या वर जातो, लेन्सच्या आतलं ग्रीस पातळ होऊन ॲपर्चरच्या (प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या) पात्यांवर येतं आणि पाती चिकटून बसतात. हे पुस्तकात वाचून सांगितलेलं नव्हतं, आपल्या भागातल्या लेन्स उघडून उघडून आलेलं शहाणपण होतं.

आमची आठ काचांची निघाली म्हणून मी खूष झालो तर काकांनी परत टॉर्च लावला. आतल्या काचेवर कडेनं जाळं, कोळ्याच्या जाळ्यासारखं बारीक. बुरशी. पावसाळ्यात बंद कपाटात दमट हवा राहते आणि आम्ही तर लेन्सा चामड्याच्या केसमध्येच ठेवल्या होत्या, चामडं ओल धरून ठेवतं. साफ करून देतो म्हणाले, पण बुरशीनं कोटिंग (काचेवरचा पातळ थर) खाल्लं असेल तर डाग राहील आणि तो मी कागदावर लिहीन. लिहिलंही. या लेन्समध्ये तीन काचा एकत्र चिकटवलेल्या असतात, तो जोड सुटलाय का तेही पाहिलं, सुटला असता तर भाव पारच पडला असता. आमचा शाबूत निघाला. शेवटी जो आकडा दिला तो चांगल्या नगाच्या साधारण निम्मा.

आकडा काढायची त्यांची पद्धत मला फार आवडली. त्यांचा नातू लॅपटॉपवर ई-बे उघडतो आणि नुसते विकले गेलेले नग गाळून दाखवतो. मागितलेला भाव ते पाहतच नाहीत, "मांगाले काय लागते, लाख मांग," असं म्हणतात. विकलेल्यातला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडायचा, मधले फोटो उघडून आपल्यासारख्याच हालतीतले शोधायचे, त्यातून पोस्टाचा-कस्टमचा खर्च वजा करायचा आणि भारतात गिऱ्हाईक कमी आहे म्हणून अजून थोडा. जपानी विक्रेते एक्सलंट लिहून पुढं पाच-पाच प्लस लावतात आणि खाली बारीक अक्षरात बुरशी लिहितात, ते वाचायचंच. अशा रीतीनं निघालेला आकडा ते एक न लिहिता दोन लिहितात, घाई असली तर इतके, थांबायची तयारी असली तर इतके. याच्यापेक्षा सरळ काम काय असू शकतं.

हेलिओस ४४-२ पटकन उरकली. कारखान्याची प्रिझमची खूण म्हणजे मॉस्कोजवळचं क्रास्नोगोर्स्क, सिरीयल ७८ नं सुरू म्हणून १९७८ ची, आठ पात्यांचं ॲपर्चर. मूळ रचना जर्मनीच्या झाइस कंपनीच्या बायोटार ५८ मिमी एफ/२ ची. इंटरनेटवर मागं गोल फिरणाऱ्या बॅकग्राउंडच्या फोटोंमुळं तिचं नाव झालंय पण ती लाखोंनी बनलेली आहे, तेव्हा दुर्मिळ म्हणून कोणी विकत असेल तर घेऊ नका. वापरायला मात्र मस्त, मिररलेस (आत आरसा नसलेल्या डिजिटल) कॅमेऱ्याला स्वस्त ॲडॅप्टर लावला की झालं. निकॉनच्या डीएसएलआरवर लावली तर दूरचं फोकस होत नाही हे पण त्यांनी आपणहून सांगितलं.

निकॉनवर निप्पॉन कोगाकू, म्हणजे कंपनीचं जुनं नाव, लिहिलेलं आणि निक्कॉर या लेन्सच्या नावापुढं पी. पी म्हणजे पेंटे, पाच काचा. त्या काळात निकॉन असंच अक्षर लावायचं, एच सहा, एस सात. १०५ मिमी एफ/२.५ ची ही आधीची, झाइसच्या सोनार लेन्सच्या पद्धतीची रचना, १९७१ मध्ये बदलली. हिच्या काचा एकदम स्वच्छ निघाल्या. ही विकू नका, पोर्ट्रेट काढा, असा त्यांचा सल्ला आणि मी तोच मानला. फक्त १९७७ च्या आधीची ॲपर्चर रिंग असल्यामुळं निकॉनच्या काही डिजिटल बॉडीला लावली तर बॉडीवरचा बारका खटका मोडू शकतो, आधी विचारून घ्या.

अजून एक पाहिलेलं सांगतो कारण यात लोकांचे लाखो जातात. एक जण सोनेरी लायका (जर्मनीचा नामांकित महाग कॅमेरा) घेऊन आले होते, वर बर्लिन १९३६ ऑलिंपिकची खूण कोरलेली, कोणीतरी त्यांना वीस लाखाचा माल आहे असं भरवलेलं. काकांनी लेन्स फिरवून काढली आणि बॉडीच्या तोंडात रेंजफाइंडरचा (अंतर पाहून फोकस जुळवायच्या यंत्रणेचा) जो दांडा असतो तो दाखवला. खऱ्या लायकात त्याच्या टोकाला गोल चाक असतं, यात पाचरीसारखा चपटा तुकडा होता. म्हणजे सोव्हिएत काळातली लायकाची नक्कल, फेड नाहीतर झॉर्की, वरून सोन्याचा रंग आणि खोटं कोरीवकाम. त्या माणसाचा चेहरा उतरला, पण काकांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, शटर चालू आहे, रोल टाकून वापरा म्हणाले आणि फी घेतली नाही.

आता जिथं कमी पडतात ते. वेळ फार लागतो, घड्याळवाले गिऱ्हाईक मधे मधे येत राहतात आणि काका प्रत्येकाला उठून पाहतात, तेव्हा अर्धा दिवस काढून जा. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून भाव विचारला तर उत्तर मिळत नाही, बुरशी आणि धुकं फोटोत दिसत नाही म्हणून, आणि मला ते पटतं, पण गोंदिया-गडचिरोलीहून येणाऱ्यानं काय करायचं हा प्रश्न राहतोच. कागद हातानं लिहिलेला असतो, त्यावर लेन्सचा फोटो नसतो. नातवानं एक प्रिंट जोडून दिली तर विकताना घेणाऱ्याला दाखवायला फार उपयोगी पडेल. सिनेमाच्या लेन्स आणि खऱ्या लायकाच्या महाग लेन्स यांच्या बाबतीत ते सरळ "मले त्यातलं नाई समजत, मुंबईले दाखवा" म्हणून हात जोडतात.

पाचपैकी साडेचार देतो, अर्धा त्या कागदाचा कापला.

जाणार असाल तर लेन्स आधी घरी पुसू नका, धोतराच्या नाहीतर ओढणीच्या कापडानं पुसल्या की कोटिंगवर ओरखडे येतात आणि भाव तिथंच पडतो. चामड्याच्या केसमधून काढून सुती कापडात गुंडाळा, पण केस, झाकणं, डबा, जुनं बिल असेल ते सगळं सोबत न्या, त्याचे वेगळे पैसे येतात. कॅमेऱ्याला अडकलेली लेन्स जोर लावून काढू नका, तशीच न्या, ते काढून देतात. आणि तिथून कागद हातात येईपर्यंत दारावर आलेल्या कोणालाही डबा उघडून दाखवू नका.