गोव्यातला पावसाळा: ओलावा शोषणारे डबे की डिह्युमिडिफायर?

परदेशातून येऊन शिवोली-आसगावकडे भाड्याने राहणाऱ्यांपुढे जूनमध्ये हा प्रश्न हमखास येतो: कपाटातल्या बुटांवर बुरशी, पासपोर्टची पानं दमट. मग घ्यायचं काय: कपाटात ठेवायचे ओलावा शोषणारे डबे, की खोलीतल्या हवेतला ओलावा ओढून घेणारं विजेचं यंत्र, म्हणजे डिह्युमिडिफायर?

खर्च: कॅल्शियम क्लोराइडचा डबा शंभर-दीडशेला मिळतो, पण भर पावसात दोन-तीन आठवड्यांत पाण्याने भरतो. चार कपाटं धरली तर सप्टेंबरपर्यंत वीसेक डबे लागतात. यंत्राला दहा-वीस हजार पडतात. २५० वॅटचं यंत्र आठ तास चाललं की दोन युनिट.

आवाका: डबा बंद कपाटापुरताच, खोलीत उघडा ठेवणं म्हणजे समुद्रातून तांब्याने पाणी उपसणं. यंत्र अख्खी खोली कोरडी करतं, पण दारं-खिडक्या बंद हव्यात. जुन्या कौलारू घरात कौलांच्या फटींतून दमट हवा येतच राहते, तिथे ते नुसतं बिल वाढवतं. आर्द्रता ५५ टक्क्यांवर लावा. त्याखाली नेऊन फारसा फायदा नाही.

काय बिघडतं: डब्यातलं पाणी खारट असतं. सांडलं तर चामडं खराब, बिजागऱ्या गंजतात. म्हणून डबा खालच्या कप्प्यात, ताटलीत ठेवावा. यंत्र खोली गरम करतं, टाकी भरली की थांबतं. वीज जाऊन परत आली की आपोआप सुरू होणारंच मॉडेल घ्या, नाहीतर गावी जाऊन याल तेव्हा गाद्या हिरव्या.

बंद फ्लॅट, कॅमेरे, पुस्तकं असतील तर यंत्र. कौलारू घर किंवा एकाच पावसाळ्याचा मुक्काम असेल तर डबे, आणि पासपोर्ट सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात.