आषाढात स्वस्तात मिळालेली घोडी

नागपुरात कोणी घोडी घ्यायचा विचार करून राहिलं असेल तर आधी हे वाचा, कारण मी 85 हजार घालवून बसलो.

पोरगी फुटाळा तलावावर घोड्यावर बसली की उतरायलाच तयार नसायची, अन् काटोल रोडला फेटरीकडे आपला प्लॉट रिकामाच पडलेला, म्हटलं घेऊनच टाकू एक. ओळखीतून दलाल भेटला. पांढरी नुकरी घोडी, म्हणे 7 वर्षांची, वरातीत कानाशी फटाके फुटले तरी हलत नाही. भाव सांगितला दीड लाख आणि दहा मिनिटांत आला 85 वर. तिथंच समजायला पाहिजे होतं, पण मी बायकोला फोन लावून सांगून राहिलो की बघ कसा भाव पाडला!

महिना आषाढ. देवशयनी एकादशी झाली की तुळशीच्या लग्नापर्यंत वराती बंद, म्हणजे घोडीची कमाई शून्य अन् खाणं तेवढंच. चांगली असली तर मालक कसंही करून पोसतो, म्हातारी नाहीतर लंगडी असली की अशी कोणाच्या तरी गळ्यात मारतो, तेही नाही जमलं तर रस्त्यावर सोडून देतो. (जनावर असं उपाशी सोडणं 1960 च्या प्राणी क्रूरता कायद्यात गुन्हा आहे, पण पकडतं कोण.)

पाहायला गेलो तेव्हा खोगीर घालून आधीच तयार ठेवलेली. मस्त चालली, पोरगी बसली, एकदम गरीब. तिसऱ्या दिवशी सकाळी पुढचा डावा पाय टेकवेना. दलाल म्हणे टेम्पोत आखडला असेल भाऊ, तेल चोळा. आठवडाभर चोळलं मी तेल, आता काय सांगू. शेवटी सेमिनरी हिल्सच्या वेटरनरी कॉलेजातल्या डॉक्टरांना दाखवली. त्यांनी तोंड उघडून वरच्या कडेच्या दातावरची तपकिरी खाच दाखवली, ती साधारण दहाव्या वर्षी हिरडीपाशी दिसायला लागते अन् विसाव्यापर्यंत दाताच्या टोकाला पोचते, आमचीची अर्ध्याच्या खाली गेलेली. म्हणजे 15 च्या वर! पायाचं दुखणं जुनंच, विकताना दुखणं दाबायची सुई मारली असणार, तिचा असर दिवस-दोन दिवस. व्यवहाराच्या दिवशीच रक्त काढून ठेवलं असतं तर तपासणीत औषध सापडलं असतं. डॉक्टर सोबत न्यायचे दोनेक हजार वाचवले ना मी. कमीत कमी न सांगता दुसऱ्या दिवशी परत जाऊन पाहिली असती, खोगिराशिवाय, गोठ्यातून बाहेर काढताना, तरी दिसलं असतं.

ग्लँडर्स या घोड्यांच्या रोगाची टेस्टही माझ्याकडं नव्हती, नंतर केली, निगेटिव्ह आली नशीब. तो रोग माणसालाही होतो अन् पॉझिटिव्ह निघालं तर जनावर मारावंच लागतं.

बाकी नालबंद दर दीड महिन्याला, कुट्टी, चोकर, हरभरा, महिन्याला 12 हजारांच्या खाली काही येत नाही. आणि घोडं 25-30 वर्षं जगतं बाप्पा.

विकायला काढली तर लोक येतात, दोन पावलं चालवून पाहतात, ‘कळवतो’ म्हणून जातात. मागच्या आठवड्यात त्याच दलालाचा फोन, 20 हजार देतो, घेऊन जातो. तुळशीचं लग्न तोंडावर आलं, मला काय समजत नाही का, परत सुई मारून कोणाच्या तरी पोरीला बसवून दाखवणार. नाही म्हटलं. बायको दोन दिवस बोलली नाही. पोरगी मात्र रोज संध्याकाळी गाजर घेऊन जाते, वर बसायचा हट्ट करत नाही आता.