कागद आमच्याकडे आले, नाव त्याच्याकडे गेलं

दोन वर्षं हे लिहायचं टाळत होते. प्रकरण तपासात आहे, त्यामुळे संस्थेचं नाव नाही, त्या माणसाचंही नाही. पण त्याची पद्धत सांगायला कुणाची हरकत नसावी. हा माणूस एकटा नसणार, आणि त्याला हवी असलेली संस्था साधारण आमच्यासारखीच असणार: मोठी नाही, पण शब्दाला वजन असलेली.

आमच्या हस्तलिखित संग्रहात मी पाच जणांच्या विभागाची प्रमुख आहे. जुने संग्रह मिळवायचे आणि मिळाले की लोकांपुढे आणायचे, हे आमचं काम. सूची, प्रदर्शन, व्याख्यानं, डिजिटल प्रती सगळं त्यातच आलं. ही दोन्ही कामं एका विभागाकडे असली की बरं, असं मीच कधीकाळी वरिष्ठांना पटवून दिलं होतं. कागद पारखताना डोक्यात प्रदर्शनाच्या भिंती रंगायला लागतात, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

तो मध्यस्थ म्हणून आला. वयस्कर, नीटनेटका, बोलणं मऊ. अठराव्या शतकातल्या एका सागरी व्यापारी पेढीचे कागद एका घराण्याकडे पडून आहेत, वारसांना ते योग्य हाती द्यायचे आहेत, असं म्हणाला. अकरा हिशेबाच्या वह्या, म्हणजे रोजकीर्दी आणि खतावण्या, तीनशेच्या वर सुटी पत्रं आणि काही मालाच्या याद्या. पहिल्या भेटीत मी 'मॅडम' होते, तिसऱ्या भेटीत 'ताई' झाले. वारसांना भेटायचं म्हटलं की कुणी आजारी असायचं, कुणी परदेशी. त्यांच्या सहीचं अधिकारपत्र मात्र त्याच्याकडे होतं. ते खरं होतं. फक्त ते कशासाठी दिलं होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

संग्रह खरा होता. नव्वद टक्क्यांहून जास्त कागद आजही आम्ही खरेच मानतो. बनावट माल विकणारा सगळंच बनावट आणील, अशी आपली भाबडी समजूत असते. त्याने खऱ्या कागदांची रास आणली आणि त्यात सात पत्रं ठेवली.

ती सात पत्रं पेढीच्या एका जहाजावरच्या कारकुनाची होती. १७६९ च्या ३ जूनला शुक्र सूर्यबिंबावरून सरकला, ते आपण जहाजावरून दुर्बिणीतून पाहिलं, असं त्यात वर्णन. ज्यांना हा प्रसंग माहीत नाही त्यांच्यासाठी: या अधिक्रमणाच्या वेळा पृथ्वीवरच्या दूरदूरच्या ठिकाणांहून मोजल्या तर सूर्याचं अंतर काढता येईल, असं एडमंड हॅलीने १७१६ मध्ये मांडलं होतं. म्हणून १७६१ आणि १७६९ ला युरोपातल्या मोहिमा जगभर पांगल्या. कॅप्टन कुक ताहितीला गेला तो त्यासाठीच. अधिक्रमणं आठ वर्षांच्या जोडीने येतात आणि मग शतकाहून जास्त खंड पडतो. २०१२ नंतरचं आता २११७ मध्ये. अशा घटनेची एका साध्या कारकुनाने ठेवलेली नोंद! वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता, हे कबूल करते.

आमच्यातल्या एका सहकाऱ्याचं शिक्षण खगोलशास्त्राचं. त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "जहाजावरून सेकंदापर्यंत वेळ कशी काय नोंदवली?" प्रश्न बिनतोड होता. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल जंटिल १७६१ च्या अधिक्रमणाच्या वेळी समुद्रातच अडकला होता. आकाश स्वच्छ होतं, सगळं दिसत होतं, पण हलत्या जहाजावरून उपयोगी मोजणी करता आली नाही. म्हणून तो पुढच्या संधीसाठी आठ वर्षं पूर्वेकडेच राहिला, आणि १७६९ ला पाँडिचेरीत नेमके ढग आले. जे त्याला जमलं नाही ते आमच्या कारकुनाला जमलं होतं. आणि आम्ही काय केलं? "हौशी माणूस आहे, बंदरावर पोचल्यावर ऐकीव आकडे भरले असतील," असं स्पष्टीकरण आम्हीच तयार केलं. विक्रेत्याला तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही.

कागदाची तपासणी केली नाही असं नाही. उजेडावर धरून जलचिन्ह, म्हणजे कागद बनतानाच त्यात उमटलेली खूण, पाहिलं. ते हिशेबाच्या वह्यांमधल्या जलचिन्हाशी तंतोतंत जुळलं. अतिनील दिव्याखाली कागद चमकला नाही; म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यापासून कागदात येऊ लागलेली पांढरेपणा वाढवणारी रसायनं त्यात नव्हती. शाई मायफळ आणि लोहाच्या क्षारांची, तपकिरी पडलेली. "पेढीचाच कागद, पेढीचीच शाई," असं मी अहवालात लिहिलं. ते वाक्य आज वाचवत नाही. कागद खरंच पेढीचाच होता.

वर्षभराच्या खरेदीच्या तरतुदीचा तिसरा हिस्सा त्यात गेला. ही किंमतही त्याने आधी सांगितली होती त्याहून कमी. "उरलेलं घराण्याकडून देणगी समजा," म्हणाला. आभाराचं पत्र आम्ही संस्थेच्या छापील कागदावर दिलं. करारात अस्सलपणाची हमी होती, पण साठ दिवसांची. हे कलम कुणी घातलं, ते आता कुणालाच आठवत नाही.

आणि मग आम्ही आमचं आवडतं काम सुरू केलं. प्रदर्शनाची तारीख आधीच ठरली होती. वह्यांची पानवार नोंद, म्हणजे कुठल्या जुडीत (एकत्र शिवलेल्या पानांच्या गठ्ठ्यात) किती पानं, कुठलं गहाळ, कुठलं चिकटवलेलं, हे काम प्रदर्शनानंतर करू असं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. सात पत्रं काचेच्या पेटीत, मोठ्या छायाचित्रांसह सूचीत, प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक. वर्तमानपत्रांत बातमी आली. व्याख्यानाला माणसं उभी राहिली होती.

प्रदर्शन उतरल्यावर चार महिन्यांनी जतन विभागातला आमचा सर्वात तरुण सहकारी वह्यांची जुडी-जुडी मोजणी करत होता. १७६६ पासूनची एक खतावणी, शेवटची बरीच पानं कोरी. शेवटच्या जुडीत बांधणीशी अगदी लगटून काही अरुंद पट्ट्या उरलेल्या दिसल्या. पानं कापून काढलेली. जुन्या वह्यांतून कोरी पानं लोक काढतातच, त्यात विशेष नाही. पण त्याने त्या आधीच्या पानांवरचं वाळवीच्या-कसरीच्या भोकांचं चित्र आरपार दिसणाऱ्या कागदावर उतरवून घेतलं, आणि ते चित्र त्याला कुठेतरी पाहिल्यासारखं वाटलं. दुपारी माझ्या टेबलाशी आला. "मॅडम, जरा पेटीतली पत्रं काढू या का?"

पत्र खतावणीच्या शेवटच्या पानावर ठेवलं. भोक भोकावर बसलं. दुसरं ठेवलं. बसलं.

खोलीत कुणी काही बोललं नाही. मग तो एकेक गोष्ट दाखवायला लागला, आणि प्रत्येक गोष्ट आम्ही आधी पाहू शकलो असतो अशी होती. घडी घातलेल्या पत्राला कीड लागली तर भोक सगळ्या थरांतून जातं. उलगडल्यावर ते घडीच्या दोन्ही बाजूंना आरशासारखं दिसायला हवं. इथे एकाच बाजूला होतं. म्हणजे किडीने खाल्लं तेव्हा हा कागद दुमडलेला नव्हता, वहीत सपाट होता. भोकाच्या कडेशी एका अक्षराची शाई आत ओघळली होती. म्हणजे भोक आधी, अक्षर नंतर. आणि सूक्ष्मदर्शकाखाली रेघांच्या कडा किंचित फुटलेल्या, शोषकागदावर लिहिल्यासारख्या. कागदाला दिलेली सरसाची खळ काळाबरोबर मरते, मग नवी शाई पसरते. खतावणीतल्या खऱ्या नोंदींच्या कडा मात्र धारदार होत्या.

जुन्या पुस्तकांची कोरी पानं कापून त्यावर घरी केलेली लोहशाई वापरायची, ही युक्ती अमेरिकेतल्या मार्क हॉफमनने १९८० च्या दशकात वापरली होती. त्याची शाई सूक्ष्मदर्शकाखाली मगरीच्या कातडीसारखी तडकलेली दिसली, आणि त्यावरून त्याची बनावटगिरी सिद्ध झाली. मी यावर नवशिक्यांना शिकवलंय. शिकवलेलं स्वतःच्या टेबलावर आठवेलच असं नाही.

इथवर ही नेहमीची गोष्ट आहे. आमचे पैसे गेले, आमची चूक. खरं दुखणं पुढे आहे.

त्या सुमारास एका खाजगी संग्राहकाची ईमेल आली. "तुमच्या सूचीतील क्रमांक अमुकशी माझ्याकडचं पत्र जुळतं का?" मग दुसऱ्याची. त्याच कारकुनाची, त्याच प्रवासातली आणखी पत्रं बाजारात फिरत होती. आम्ही सातांसाठी दिलं त्याच्या कितीतरी पट किंमत एकेका पत्राला. प्रत्येक पत्राबरोबर आमच्या सूचीच्या पानाची प्रत, आमच्या आभारपत्राची प्रत, आणि एका हस्ताक्षरतज्ज्ञाचा अहवाल: 'संस्थेच्या संग्रहातील नमुन्यांशी अक्षर जुळते.' का नाही जुळणार? १९८३ मध्ये जर्मनीतल्या श्टर्न साप्ताहिकाने ९० लाखांहून जास्त मार्क मोजून हिटलरच्या म्हणून घेतलेल्या डायऱ्यांचं हेच झालं होतं. अक्षर ताडून पाहायला तज्ज्ञांना दिलेल्या नमुन्यांतही, डायऱ्या ज्याने बनवल्या त्याच कॉन्राड कुयाऊच्या हातचे बनावट कागद होते. आमची काचेची पेटी त्या मध्यस्थासाठी नमुन्यांचं दुकान झाली होती. मग किंमत कमी का केली होती, तेही उमगलं. आम्ही त्याचं गिऱ्हाईक नव्हतो, त्याचं भांडवल होतो.

अजून एक आहे, आणि ते लिहिताना आजही कान तापतात. विक्रीनंतर तो तीनदा आमच्या वाचनकक्षात येऊन बसला होता. "घराण्याची वंशावळ पुरी करतोय, ताई." आमच्याकडे नियम कडक. जाताना प्रत्येकाची पिशवी उघडून बघतात, पानं मोजून घेतात. मालाच्या याद्यांच्या एका बस्त्यात स्वीकृतीच्या वेळी ४१ कागद नोंदले होते. आता मोजले तर ४२. जास्तीच्या कागदावर त्या कारकुनाचं नाव, त्याचा हुद्दा आणि 'दुर्बीण एक' अशी नोंद. काय कमी झालं ते आम्ही मोजत होतो. काय वाढलं ते मोजायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आकडा जुळतोय का, यापेक्षा 'कमी नाही ना' एवढंच पाहायची सवय.

हेही नवं नाही. ब्रिटनमध्ये जॉन ड्रूने टेट गॅलरीला २० हजार पौंडांची देणगी देऊन तिच्या अभिलेखागारात प्रवेश मिळवला आणि जॉन मायटने रंगवलेल्या बनावट चित्रांना पुरावा म्हणून तिथे खोटे कागद घुसवले. १९९९ मध्ये त्याला शिक्षा झाली. देणगीदाराची पिशवी आत येताना कोण तपासतं?

वारस शेवटी भेटले. साधी माणसं. त्यांनी जुन्या वह्या आणि पत्रं अडगळ म्हणून त्याला दिली होती, अधिकारपत्र होतं ते 'कागदांची विल्हेवाट लावण्यासाठी'. शुक्र, दुर्बीण, कारकून यांतलं त्यांनी काही ऐकलेलं नव्हतं. एक फोन पुरला असता. तो करायला मला कुणी अडवलं नव्हतं. वाईट दिसेल, माणूस दुखावेल, संग्रह दुसरीकडे जाईल, एवढंच मनात होतं.

संस्थेत गप्प बसावं असा सूर होता. सूचीतून सात नोंदी हळूच काढायच्या, विषय संपला. मी मिशिगन विद्यापीठाचं उदाहरण समोर ठेवलं. १९३८ पासून ज्याला गॅलिलिओच्या हातचा कागद म्हणून मिरवलं, तो बनावट आहे हे त्यांनी २०२२ मध्ये स्वतः जाहीर केलं. जलचिन्ह १७७० च्या आधीचं असूच शकत नव्हतं. त्यांची अब्रू गेली नाही. आम्ही नोंदी काढल्या नाहीत. प्रत्येक क्रमांकापुढे 'बनावट' लिहिलं, कारणं लिहिली, भोकांची छायाचित्रं जोडली. क्रमांक गायब केला असता तर सूचीची जुनी छापील प्रत हातात घेऊन तो विकतच राहिला असता.

आता मूळ मालकाशी, मध्यस्थाला बाजूला बसवून, बोलल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही. पानवार नोंद पूर्ण होईपर्यंत प्रसिद्धीची एक ओळही बाहेर जात नाही, आणि खरेदीच्या बैठकीत प्रदर्शनाचा शब्द काढायला बंदी आहे. बंदी मुख्यतः माझ्यासाठी. आभारपत्रात आता वर्णन नसतं, फक्त कागदांची संख्या असते. तुमच्याकडे कुणी स्वस्तात, लाघवीपणे, 'तुमच्याच संस्थेत शोभेल' म्हणत काही घेऊन आला, तर किमतीआधी त्याला तुमच्याकडून आणखी काय हवंय ते बघा. सूचीत छायाचित्र कधी येईल, अशी चौकशी तो पैशांआधी करायचा. तेव्हा मला ती विद्येची आस्था वाटली होती.

गेल्या आठवड्यात एक निवृत्त गृहस्थ आपलं पत्र घेऊन आले. बचतीतले पैसे घालून घेतलेलं, चौकटीत लावलेलं. मी आधीच सगळं सांगितलं, तरी म्हणाले, "एकदा ठेवून बघा." आमच्या त्या तरुण सहकाऱ्याने खतावणी आणली, शेवटची जुडी उघडली, चौकटीतून पत्र काढून हलकेच वर ठेवलं. गृहस्थ वाकून बघत होते. भोकाखाली भोक आलं.

"आणखी किती पानं कापलेली आहेत यातून?" त्यांनी विचारलं.

सव्वीस पट्ट्या आहेत. आजवर बारा पत्रं परत आली आहेत.