आईला जास्त इन्सुलिन दिले गेले, आणि रुग्णालयाने ते स्वतःहून सांगितले

गेल्या पावसाळ्यात माझ्या 71 वर्षांच्या आईला पायाच्या जंतुसंसर्गासाठी पुण्यातील एका मध्यम आकाराच्या खाजगी रुग्णालयात सहा दिवस दाखल केले होते. रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण दिल्यास वाचणाऱ्यांचा रोख त्या रात्रीच्या एका परिचारिकेवर जाईल आणि मला जे सांगायचे आहे ते बाजूला पडेल. खोल्या स्वच्छ होत्या, जेवण बेताचे होते. हा अभिप्राय लिहिण्याचे कारण मात्र वेगळे आहे: तिथे एक चूक झाली, आणि आम्हाला तिचा सुगावा लागण्याआधी त्यांनीच ती सांगितली.

तिसऱ्या रात्री जेवणाआधी आईला 12 युनिट इन्सुलिन द्यायचे होते. साडेदहाच्या सुमारास तिला दरदरून घाम फुटला, बोलणे असंबद्ध झाले. साखर तपासली तर 44 निघाली. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर थोड्याच वेळात ती भानावर आली. सोबतीला थांबलेल्या माझ्या भावाने कारण विचारले, तेव्हा ‘वयस्कर माणसांत असं होतं कधीकधी’ एवढेच उत्तर मिळाले. माझी पहिली तक्रार याच वाक्याबद्दल आहे. कारण तेव्हा ठाऊक नसेल, तर ‘अजून कळलेलं नाही, तपासून सकाळी सांगतो’ असे म्हणता आले असते.

सकाळी नऊ वाजता फिजिशियन, वैद्यकीय अधीक्षक आणि मेट्रन असे तिघे खोलीत आले आणि दार लावून खुर्च्यांवर बसले. डॉक्टर आधी आईशीच बोलले: ‘काकू, काल तुम्हाला इन्सुलिन जास्त दिलं गेलं. चूक आमची आहे, त्याबद्दल मी तुमची माफी मागतो.’ मग मेट्रननी दोन सिरिंजा समोर ठेवल्या. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या दोन तीव्रतांच्या मिळतात: एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट असलेली आणि 100 युनिट असलेली. पहिलीसाठी लाल टोपणाची सिरिंज असते, दुसरीसाठी केशरी. त्या रात्री कुपी 100 ची होती आणि ट्रेमध्ये सिरिंज लाल टोपणाची. तिच्यावरील 12 च्या खुणेपर्यंत औषध भरले की प्रत्यक्षात 30 युनिट जातात, म्हणजे अडीचपट. हे सांगताना त्यांनी परिचारिकेकडे बोट दाखवले नाही. दोन्ही प्रकारच्या सिरिंजा एकाच खणात ठेवल्या जात होत्या, हा व्यवस्थेचा दोष आहे, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. आईने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘मग आजपासून टोचण्याआधी टोपण मला दाखवायचं.’ पुढच्या प्रत्येक इंजेक्शनला परिचारिकांनी ते दाखवले.

असे बोलणे डॉक्टरांना सोपे नाही, याची मला जाणीव आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या निकालानंतर शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आली, आणि माफी म्हणजे लेखी कबुली ठरेल ही भीती त्यांना असते. तोडफोडीची भीती तर त्याहून मोठी, जिच्यासाठी महाराष्ट्राला 2010 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. तरीही अनुभव उलटा सांगतो. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयांनी 2001 पासून चूक स्वतःहून सांगण्याची आणि योग्य तिथे भरपाई देऊ करण्याची पद्धत स्वीकारली. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, दर लाख रुग्णभेटींमागे नव्या दाव्यांचे मासिक प्रमाण 7.03 वरून 4.52 वर आले. त्या राज्यात दावे कदाचित एकूणच घटत होते, हेही अभ्यासकांनी नोंदवले आहे. पण सांगितल्यामुळे दावे वाढतील ही भीती तरी खरी ठरली नाही. आमच्या घरातही वकिलाचा विषय रात्री निघाला होता, सकाळच्या त्या बैठकीनंतर तो पुन्हा निघाला नाही.

वाढलेल्या एका दिवसाचे शुल्क त्यांनी घेतले नाही. बारा दिवसांनी मेट्रनचा फोन आला: दोन्ही सिरिंजांचे खण वेगळे केले आहेत, आणि इन्सुलिन देण्याआधी दुसऱ्या परिचारिकेने कुपी व सिरिंज दोन्ही पाहून सही करायची, असा नियम लावला आहे. हा फोन मला माफीपेक्षाही मोलाचा वाटला.

दुसरी तक्रार मात्र गंभीर आहे. तोंडी इतके स्पष्ट बोललेल्या रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर ‘साखर कमी झाली, उपचार केले’ एवढीच ओळ होती. कारणाचा उल्लेख नव्हता. मी लेखी अर्ज करून दुरुस्ती आणि सर्व नोंदींच्या प्रती मागितल्या. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार नोंदी 72 तासांत द्याव्या लागतात आणि त्या तशा मिळाल्याही, परंतु कार्ड दुरुस्त करून घेण्यासाठी मला दोन खेपा घालाव्या लागल्या. जे खोलीत सांगितले ते कागदावर आपोआप यायला हवे होते.

दुरुस्त कार्ड आईच्या नेहमीच्या मधुमेहतज्ज्ञांनी वाचले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, घरी कोणत्या टोपणाच्या सिरिंजा आहेत. घरी येऊन फ्रीजशेजारचा डबा उघडला, तर त्यात दोन्ही निघाल्या.