तांबूला जर्मनीला पाठवायच्या नादात १ लाख ३५ हजार गेले

कुणी म्हणालं की सांगलीतून कुत्रं उचलतो आणि तीन आठवड्यांत जर्मनीत सोडतो, तर तिथंच फोन ठेवा. हे होतच नाही. एप्रिलमध्ये मला कुणी एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर आमचे पैसे वाचले असते, म्हणून आधी हेच लिहिलं, आता सगळं सांगते. लांबेल पण पूर्ण वाचा, ज्यांची पोरं बाहेर गेलीत आणि जनावर मागं राहिलंय त्यांनी तर नक्कीच.

तांबू आमची कारवानी कुत्री. सडपातळ, पायानं उंच, रंगानं तांबूस म्हणून तांबू. पोरीनं तिला जतकडच्या एका मेंढपाळाकडून आणलं ते २०१९ च्या महापुराच्या जेमतेम महिनाभर आधी, एवढंसं पिल्लू होतं. ऑगस्टात गावभागात पाणी चढलं आणि आम्ही घर सोडलं तेव्हा ह्यांच्या हातात कागदांची पिशवी आणि पोरीच्या ओढणीत तांबू, बोटीत तिला दुसऱ्या कुणाला हात लावू देईना. पुढं विश्रामबागला नणंदेकडं राहिलो तर तिथं पण दोघी एकाच गोधडीत. हे एवढ्यासाठी सांगतेय की लोक म्हणतात कुत्र्यासाठी एवढे पैसे कशाला घालवले. त्यांना काय सांगणार.

यंदा मार्चमध्ये पोरगी नोकरीसाठी स्टुटगार्टला गेली. ती गेली त्या दिवसापासून तांबू दारात बसून, भाकरी दूध काही खाईना, आठ दिवसांत बरगड्या दिसायला लागल्या. तिकडं पोरगी रोज व्हिडिओ कॉलवर रडतेय. मग तिनंच नेटवर शोधलं आणि एक एजंट सापडला, मुंबईचा म्हणून सांगत होता. साईट एकदम चकाचक, खाली आयपाटा म्हणून पाळीव प्राण्यांची ने-आण करणाऱ्यांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे तिचा लोगो. हा लोगो कुणीही कॉपी करून चिकटवू शकतो हे आम्हाला नंतर कळलं. त्या संघटनेच्या साईटवर सभासदांची यादी असते, तिथं नाव टाकून बघायला दोन मिनिटं लागतात, ती दोन मिनिटं आम्ही घालवली नाहीत.

बोलायला माणूस गोड. मला ताई ताई करायचा. म्हणाला ताई मालक आधी गेला असला तरी काही फरक पडत नाही, कुत्रं एकटं कार्गोनं जातं, तुम्ही फक्त वजन सांगा. मी सांगितलं २४ किलो. पाच मिनिटांत कोटेशन आलं, अॅडव्हान्स ४५ हजार, चिप (कुत्र्याच्या ओळखीसाठी कातडीखाली बसवतात ती) आणि रक्ताची टेस्ट मिळून २८ हजार, विमानाचं भाडं ६२ हजार. ह्यांनी विचारलं किती दिवस लागतील, तर म्हणाला तीन आठवडे धरा, आपली सेटिंग आहे.

आता त्या पहिल्याच फोनमध्ये किती खोटं होतं ते बघा. विमानात भाडं नुसत्या वजनावर नसतं, पिंजरा जागा किती खातो त्यावर असतं. पिंजऱ्याची लांबी रुंदी उंची सेंटीमीटरमध्ये घ्यायची, गुणायची आणि ६००० नं भागायचं, ते येतं ते किलो, आणि ते खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर भाडं त्याच्यावर. तांबूला लागणारा पिंजरा १२२ बाय ८१ बाय ८९ चा आहे, म्हणजे जवळजवळ १४७ किलो. कुत्रं २४ किलोचं आणि भाडं १४७ किलोचं. आणि पिंजऱ्याचं माप कुत्र्याच्या मापावरून काढतात, नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत, जमिनीपासून कोपरापर्यंत, खांद्याची रुंदी, उभं राहिल्यावर कानाच्या टोकापर्यंतची उंची. त्याला आत सरळ उभं राहता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे, पाय सोडून झोपता आलं पाहिजे, आयाटा म्हणजे विमान कंपन्यांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे तिचा नियम आहे तसा. ज्यानं टेप लावून माप घ्यायला सांगितलं नाही त्यानं भाडं कुठून काढलं? हा प्रश्न आमच्या डोक्यातच आला नाही.

अॅडव्हान्स पाठवला. मे महिन्यात एक पोरगा बाईकवरून आला, बॅगेतून इंजेक्शन काढलं, तांबूच्या मानेत टोचलं, म्हणाला चिप बसली, आणि एका पुस्तकावर बारकोडचं स्टिकर लावून गेला. रक्त घेतलं नाही. मी विचारलं तर म्हणाला ते सर सांगतील. २८ हजार गेले. पुढच्या आठवड्यात व्हॉट्सअॅपवर रक्ताचा रिपोर्ट आला, शिक्का सही सगळं, रेबीजची प्रतिकारशक्ती पुरेशी. मी फोन करून विचारलं अहो रक्त कधी घेतलंत? तर म्हणाला ताई लसीच्या पुस्तकावरून रिपोर्ट निघतो. आणि मी गप्प बसले. इतकी वर्षं घरात कुत्रं सांभाळलं, रक्त न काढता रक्ताचा रिपोर्ट येत नाही हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण पोरीला शब्द दिला होता आणि तांबू खात नव्हती, त्यामुळं मन म्हणत होतं असेल तसं काहीतरी.

मग ६२ हजार. ते मिळाल्यावर एअरवे बिलाची, म्हणजे विमानानं पाठवायच्या मालाच्या पावतीची, पीडीएफ आली आणि ट्रॅकिंगची लिंक, त्यात बुकिंग कन्फर्म दिसत होतं. आणि दोन दिवसांनी नवीनच, म्हणे एसी पिंजरा लागेल त्याचे ३५ हजार, रिफंडेबल, आणि तांबूला दहा दिवस आधी मुंबईला क्वारंटाईनसाठी ताब्यात द्या, गाडी पाठवतो. वर म्हणाला प्रवासात झोपेचं इंजेक्शन देऊ, काळजी करू नका.

पैशाचं एवढं नाही, पण तांबूला अनोळखी माणसाच्या हातात द्यायचं म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. मी ह्यांना म्हटलं आधी आपल्या डॉक्टरला दाखवू. आमचा डॉक्टर शिरवळच्या व्हेटर्नरी कॉलेजला शिकलेला, वयानं लहान, मला काकू म्हणतो. त्यानं पुस्तक बघितलं आणि काही न बोलता स्कॅनर आणला. मानेवरून फिरवला, खांद्यावरून, पाठीवरून, दोन्ही पायांवरून. स्कॅनर गप्प. पुन्हा एकदा फिरवला. मग म्हणाला, काकू हिला चिप नाहीच. त्या पोरानं नुसतं काहीतरी टोचलं होतं, काय टोचलं देवाला माहीत. मी तिथं बाकावर बसले आणि तांबूचं डोकं मांडीत घेतलं, काय बोलावं सुचेना.

मग डॉक्टरनं केस पेपरच्या मागं तारखा मांडून दाखवल्या, त्या मी तशाच देते. युरोपसाठी आधी आयएसओ मानकाची १५ आकडी चिप. चिप बसल्यावर रेबीजची लस, चिपच्या आधी दिलेली लस धरत नाहीत. लसीनंतर कमीत कमी ३० दिवस थांबून रक्त, ते युरोपियन युनियननं मान्यता दिलेल्या लॅबमध्येच जायला हवं, रिझल्ट ०.५ आययू प्रति मिलिलिटर किंवा जास्त. आणि रेबीजचा धोका कमी मानलेल्या देशांची त्यांची यादी आहे, भारत तिच्यात नाही म्हणून रक्त घेतलेल्या तारखेपासून अजून ३ महिने थांबायचं. म्हणजे चार महिन्यांच्या आत कुठलाही माणूस, कितीही ओळखी असल्या तरी, हे कुत्रं कायद्यानं जर्मनीत नेऊ शकत नाही. सेटिंग कशाची, दिवस काय विकत मिळतात?

आणि कागद खोटे असताना कुत्रं तिथं पोचलंच तर काय होतं हे पण त्यानं सांगितलं. परत पाठवतात, नाहीतर मालकाच्या खर्चानं क्वारंटाईनमध्ये ठेवतात, आणि दोन्ही जमलं नाही तर त्याला मारून टाकायची सुद्धा तरतूद आहे. हे ऐकल्यावर रात्री झोप लागली नाही.

बाकीचं पण तिथंच उघडं पडलं. एसी पिंजरा वगैरे काही लागत नाही. जनावरं ज्या भागात ठेवतात तिथं केबिनसारखाच हवेचा दाब असतो आणि तापमान सांभाळतात, पिंजऱ्याला फक्त चारी बाजूंनी हवा खेळायला जागा आणि बाहेरून भरता येईल अशी पाण्याची वाटी लागते. झोपेचं इंजेक्शन तर द्यायचंच नसतं, उंचीवर श्वास आणि ब्लडप्रेशरला धोका, गुंगीत असलेलं कुत्रं बऱ्याच एअरलाईन घेतच नाहीत. क्वारंटाईनचं म्हणाल तर मुंबईत केंद्र सरकारचं अॅनिमल क्वारंटाईनचं ऑफिस आहे, तिथं निघायच्या आधी कुत्रं आणि कागद तपासून सर्टिफिकेट देतात, त्यासाठी दहा दिवस ठेवून घेत नाहीत. आणि मालक आधी गेला तरी चालतं हे पण अर्धवट. मालकाच्या प्रवासाच्या पाच दिवस आधी किंवा नंतरच्या आत कुत्रं गेलं तरच ते घरचं पाळीव म्हणून जातं, नाहीतर व्यापारी मालाचे नियम लागतात आणि ते फार कडक. हे सगळं युरोपचं झालं, ब्रिटन अमेरिकेचे नियम वेगळे आहेत, तिकडं जाणाऱ्यांनी तिथल्या सरकारी साईटवरच वाचा.

एअरवे बिल पोरीनं तिकडून तपासलं. त्याचा नंबर ११ आकडी असतो, पहिले तीन एअरलाईनचे, पुढं सात आकड्यांचा नंबर आणि शेवटचा एक तपासणीचा. मधल्या सात आकडी संख्येला ७ नं भागायचं, बाकी उरेल तोच शेवटचा आकडा पाहिजे. आमच्या बिलात बाकी ४ येत होती आणि आकडा होता ९. सातनं भागल्यावर ९ बाकी कधी उरेल का? एअरलाईनच्या स्वतःच्या कार्गो साईटवर नंबर टाकला तर काहीच निघालं नाही. एजंटनं दिलेली लिंक त्याचीच बनवलेली होती, दिसायला हुबेहूब.

त्याच दिवशी १९३० ला, म्हणजे ऑनलाईन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन लावला, सायबर क्राईमच्या पोर्टलवर तक्रार टाकली, बँकेत लेखी दिलं. ६२ हजारांतले १८ हजार समोरच्या खात्यात गोठवलेत, बाकीचे पुढं निघून गेले होते. खातं कंपनीचं नव्हतंच, कुणाच्या तरी नावाचं साधं सेव्हिंग. तीन वेळा यूपीआय करताना स्क्रीनवर ते नाव दिसत होतं, प्रत्येक वेळी दिसत होतं. आम्ही चार दिवस आधी फोन केला असता तर कदाचित सगळे ६२ थांबले असते, म्हणून संशय आला की त्याच तासाला १९३० लावा, आधी एजंटला फोन करून जाब विचारत बसू नका, तेवढ्या वेळात पैसे चार खाती फिरतात.

आता आम्ही सगळं पहिल्यापासून धरलंय. १० जूनला डॉक्टरनं स्वतः चिप बसवली, आमच्या समोर स्कॅन करून नंबर वाचून दाखवला, त्याच दिवशी लस. १४ जुलैला रक्त घेतलं, लॅबचा रिपोर्ट थेट डॉक्टरकडं आला आणि त्यावरचा चिप नंबर मी स्वतः एकेक आकडा बोट ठेवून जुळवला. लस वेळेवर देत राहिलं तर ही रक्ताची टेस्ट पुन्हा लागत नाही. तीन महिने १४ ऑक्टोबरला पूर्ण होतात. पोरगी दिवाळीला येणारे आणि परत जाताना तांबू तिच्याच विमानात.

पिंजरा आत्ताच आणलाय, हॉलमध्ये ठेवलाय, दार काढून. पहिले चार दिवस तांबू जवळ गेली नाही. मग मी आत पोरीची जुनी ओढणी अंथरली. आता दुपारी तिथंच झोपते, भाकरी पण आत नेऊन खाते.